करारावर जॉबरची सही कुठे आहे?

विद्यापीठांत सध्या सामंजस्य करारांचा हंगाम आहे. शाल, पुष्पगुच्छ, हातात फाईल, फोटो. 'प्रादेशिक भागीदार' म्हणून शेजारी उभा असतो कुणी कारखानदार, नाहीतर उद्योजक संघटनेचा अध्यक्ष. नॅकच्या मूल्यांकनात करार मोजले जातात, म्हणून फाईल जाड होत जाते.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रमासाठी वेगळं मंडळ नेमायला सांगितलं. त्यात उद्योजकांना जागा आहे. ठीक. पण मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर रोज नवी युक्ती काढतो तो जॉबर. सुटा भाग बाजारात मिळत नसेल तर लेथवाल्याकडे बसून घडवून घेतो आणि संध्याकाळपर्यंत माग चालू करतो. याला नवोपक्रम नाही तर काय म्हणायचं? त्याच्याकडे पीपीटी नसते, एवढंच.

इचलकरंजीत, मागांच्या गावातच, डीकेटीई ही वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकीची संस्था १९८२ पासून आहे. आपल्या गावांत कॉलेजं नाहीत असं नाही. मालेगावात इंजिनिअरिंगचंही आहे. पण आपल्या संस्थाचालकांना नवं काही काढायचं म्हटलं की आधी फार्मसी आणि बी.एड. सुचतं, दाराशी खडखडणारा माग दिसत नाही. (आणि आपण? सच्चर समितीचा अहवाल २००६ चा, तो आपल्याला तोंडपाठ आहे.) मालेगाव पुणे विद्यापीठाखाली येतं, भिवंडी मुंबईच्या. शिष्यवृत्ती आणि होस्टेल आपण मागितलं, ते मागायलाच हवं. पण आपल्या धंद्याचं ज्ञान कधी मागितलं का?

धोट्याच्या मागांमध्ये बारा-बारा तास उभं राहून माणसाचे कान जातात. तो आवाज कमी कसा करायचा, हा एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय आहे. कांडी भरणाऱ्या बायकांच्या छातीत जाणारी सुताची धूळ हाही विषय आहे. जुन्या मोटारीची वीज कुठे वाया जाते, हाही. अशा प्रत्येक प्रकल्पात जॉबर आणि कामगार मानधन घेऊन बसले पाहिजेत, आणि काही नवं निघालं तर पेटंटवर त्यांचंही नाव लागलं पाहिजे. नाहीतर विद्यार्थी येतील, मोजमाप घेतील, पदवी घेऊन जातील.

तुमच्या विद्यापीठाने तीन वर्षांत कुणाशी करार केले आणि त्यांतून काय झालं, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपये लागतात. अर्ज मराठीत चालतो.