नळीत घातलेले कान

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी मराठीत एक म्हण आहे. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला निसर्गापुढे माणसाचा हट्ट चालत नाही एवढेच सांगावयाचे असावे. कुत्र्याचा एखादा अवयव खरोखरच नळीला बांधून महिनोन्महिने उभा धरण्याचा उद्योग पुढे प्रतिष्ठेचा होईल, ही कल्पना त्याला शिवलीही नसेल. आज तो उद्योग सुशिक्षित घरांतून चालतो. शेपटाच्या जागी कान आले आहेत, एवढाच काय तो फरक.

डोबरमन, बॉक्सर, ग्रेट डेन या जातींचे कान जन्मतः लोंबते असतात. चित्रांत आणि प्रदर्शनांत दिसणारे त्यांचे टोकदार कान ही निसर्गाची देणगी नसून कात्रीची करामत आहे. पिलू सात ते बारा आठवड्यांचे असताना त्याला भूल देऊन कानाच्या पाळीचा मोठा भाग कापला जातो. परंतु कापलेला कान आपोआप उभा राहत नाही. जखम भरत आली की कापूस व चिकटपट्टी गुंडाळलेली नळी कानात उभी धरून बुडापासून टोकापर्यंत पट्टी बांधतात, दोन्ही कान आडव्या पट्टीने एकमेकांशी जखडतात आणि ठरावीक दिवसांनी सारे सोडून पुन्हा बांधतात. दुधाचे दात पडून कायमचे दात येण्याच्या काळात उभे राहू लागलेले कान पुन्हा कलतात, आणि बांधणी पुन्हा सुरू होते. कानाची कूर्चा घट्ट होईपर्यंत हे चालते, कित्येकदा चार-सहा महिने.

या प्रकरणातील खरा प्रश्न इथेच आहे. कापण्याचे काम तासाभरात उरकते आणि ते दुसऱ्याच्या हातून होते. त्यापुढचे काम मात्र घरच्या माणसांवर पडते. कचेरीतून परतलेला कारकून, शाळेतून आलेला मुलगा, स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली गृहिणी यांपैकी एकजण पिलाला घट्ट धरतो व दुसरा पट्टी ओढतो. पट्टी सैल राहिली तर नळी निसटते. फार आवळली तर रक्तपुरवठा थांबून कानाचा भाग मरू शकतो. आत ओल राहिली तर जखम चिघळते, आणि पट्टी वर असल्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही; दुर्गंधी सुटली म्हणजेच कळते. धाराशिवच्या बालाघाटावर वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. त्या उकाड्यात आठ-दहा आठवड्यांचे पिलू डोक्यावर ते ओझे वागवीत भिंतीला कान घासत असते, याची कल्पना प्रत्येकाने स्वतःच करावी.

शरीराच्या दुखण्याहून मनावरचा परिणाम अधिक टिकाऊ असतो. कुत्र्याच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ संस्कारक्षम मानला जातो. माणसाचा हात मायेचा की भीतीचा, हे पिलू त्या काळात शिकते. नेमक्या याच वयात मालकाचा हात डोक्याकडे आला की वेदना होणार, असा अनुभव त्याला मिळू लागला तर त्याचा स्वभाव भित्रा होण्याचा धोका असतो. आणि चावणारी कुत्री पुष्कळदा भित्री असतात, शूर नसतात. घराच्या रक्षणासाठी आणलेल्या प्राण्याच्या बाबतीत हा सौदा निव्वळ तोट्याचा आहे. शिवाय कुत्रा कानांनी बोलतो. भीती, आनंद, आज्ञाधारकपणा हे सारे तो कानांच्या हालचालींनी दाखवितो. ती भाषा कापून टाकल्यावर इतर कुत्र्यांना व माणसांना त्याचे मन ओळखणे कठीण जाते.

या प्रथेच्या समर्थनार्थ सांगितली जाणारी कारणे तपासून पाहावीत. उभ्या कानाला रोग होत नाहीत, असे म्हणतात. पण लोंबत्या कानांच्या लॅब्रॅडॉरचे कान रोगाच्या भयाने कोणी कापीत नाही. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, त्या जिल्ह्याला तर लोंबत्या कानांचे भय वाटण्याचे काहीच कारण नाही. उभ्या कानांनी अधिक ऐकू येते, हाही दावा सिद्ध झालेला नाही. केवळ सौंदर्यासाठी कान कापण्यास अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ साली स्पष्ट विरोध नोंदविला. शेवटी उरते ते एकच कारण : कुत्रा उग्र दिसतो.

हा उग्रपणाही उसना आहे. डोबरमन ही जात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील आपोल्डा गावी कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन या गृहस्थाने तयार केली. त्या जर्मनीनेच १९८७ पासून कान कापण्यास मनाई केली. ब्रिटनमधील केनेल क्लबने त्याच्याही कितीतरी आधी, १८९८ साली, कान कापलेल्या कुत्र्यांना आपल्या प्रदर्शनाचे दार बंद केले होते. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९८७ साली झालेल्या युरोपीय करारातही ही क्रिया निषिद्ध ठरली. जिथून ही फॅशन आली तिथे ती टाकून दिली गेली, आणि आपल्याकडे मात्र ती मोठेपणाची खूण म्हणून मिरविली जाते.

आपल्या देशातील कायद्याचे चित्र समाधानकारक नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा अधिनियम कलम ११ अन्वये प्राण्याचा अवयवच्छेद हा अपराध मानतो. शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे व वेसण घालणे या क्रिया विहित रीतीने केल्यास त्यांना या कलमातून सूट आहे. त्या यादीत कान कापणे नाही. तथापि पहिल्या अपराधास या अधिनियमाने ठेवलेला दंड अवघा दहा ते पन्नास रुपये आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ साली अशा शस्त्रक्रियांविरुद्ध काढलेले पत्र मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द केले. पन्नास रुपयांच्या धाकाने हजारो रुपयांचा व्यवहार थांबेल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल.

कोणी म्हणेल, आपण लेकरांचेही कान टोचतो, जनावरांच्या कानांत बिल्ले मारतो, बैलाला वेसण घालतो. परंतु सोनाराने टोचलेला कान कानच राहतो. बिल्ला ओळखीसाठी व रोगनिवारणासाठी असतो. वेसणीवाचून शेतकऱ्याचे काम अडते. दोन महिन्यांच्या पिलाचा कान कापून पुढे चार महिने बांधून ठेवल्यावाचून कोणाचे काय अडते, याचे उत्तर मिळत नाही.

रक्षणासाठीच कुत्रा हवा असेल, तर या भूमीत त्याची वाण नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील जानवळ परिसर कारवानी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. याच कुळातील मुधोळ कुत्र्याचे चित्र २००५ साली डाक तिकिटावर झळकले. त्यांचे कान लोंबते असतात आणि त्यावाचून त्यांचा दरारा कमी झालेला नाही. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला नवस बोलणाऱ्या या जिल्ह्यात कुत्रा हा देवाचा सोबती मानला जातो. त्या मान्यतेशी तरी सुसंगत वर्तन व्हावयास हवे.

ज्यांच्या घरी कान कापलेले पिलू आधीच आलेले आहे, त्यांनी घरगुती प्रयोग करू नयेत. पट्टी ओली झाली, वास आला, कान थंड किंवा काळसर पडला, पिलू डोके कलते धरू लागले, तर पट्टी ताबडतोब सोडून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. कान उभे राहिले नाहीत म्हणून कुत्र्याचे काहीही बिघडत नाही. ते जसे राहतील तसे राहू द्यावेत. ज्यांना पिलू घ्यावयाचे आहे, त्यांनी विक्रेत्याला कापलेल्या कानांचे पिलू नको असे स्पष्ट सांगावे. गिऱ्हाईक नाही म्हणू लागले की विक्रेता कात्री खाली ठेवील. आणि घरातल्या मुलाच्या हाती चिकटपट्टीऐवजी पिलाच्या पाण्याचे भांडे येईल.