लेथला हार घालता, तेलही घाला

खंडेनवमीला नगरच्या नागापूर एमआयडीसीत चक्कर मारा. शेडमध्ये लेथ लख्ख पुसलेला, चकवर झेंडूचा हार, बेडवर हळद-कुंकू. माझ्याकडेही तेच. तक्रार आहे ती उरलेल्या वर्षाबद्दल.

जॉबवर्कचा दर नगावर. त्यामुळे तेलाला दिलेली दहा मिनिटं मालकाला बुडाल्यासारखी वाटतात, टर्नरलाही. मग बेडवर येतं गाडीतून काढलेलं काळं ऑइल. तेल ते तेलच म्हणे! त्यात काजळी असते, झिजलेल्या धातूचे कण असतात. बेडला ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल हवं. ते धरून राहतं, कॅरेज अडखळत नाही. हेडस्टॉकला बहुधा पातळ, ३२ चं. मशीनचं पुस्तक सांगेल ते. तेलाच्या निपलमध्ये ग्रीस दाबणाऱ्याच्या हातात तर मी गनच देत नाही. ग्रीस घट्ट बसलं की मागून तेल पोहोचत नाही.

बीडाचा जॉब झाला की एअर गन मारू नका. भुकटी वायपरच्या फेल्टखाली घुसते आणि बेड खाते, तोही चकजवळ, कारण काम तिथंच जास्त. मग लांब जॉबला टेपर येतो आणि शिव्या टर्नरला. ब्रशनं झाडा, फडक्यानं पुसा, मग तेल.

ज्या नगरात लूना मोपेड बनली, तिथं हे सांगायची वेळ यावी! कंपन्यांनी दर ठरवताना देखभालीचा वेळ धरावा, शेडमालकानं तो पगारी मानावा. माझ्याकडे शिफ्टची शेवटची पंधरा मिनिटं ऑइलकॅनची; तेव्हा अर्जंट माल मागणाऱ्याला उद्या सकाळची वेळ मिळते.