कॅमेरा धंद्याच्या कमाईतून घ्या, हप्त्यावर नको

"सर, व्हिडिओसाठी कोणता कॅमेरा घेऊ?" हे धाराशिव, तुळजापूर, भूम सगळीकडून विचारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: भांडवल मालात घाला, सुरुवात हातातल्या मोबाईलवर करा.

भूमचा खवा विकायचाय? कढईतली वाफ आणि खव्याचा रंग मोबाईलमध्येही नीट दिसतो. गिऱ्हाईक व्हिडिओ सोडतं ते बोललेलं ऐकू येत नाही म्हणून. त्यामुळे पहिला खर्च कॉलर माइकचा, दुसरा ट्रायपॉडचा. सकाळचा उजेड तर फुकटच आहे.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर खिशात मावणारा, चालताना चित्र न हलवणारा आणि बाहेरचा माइक जोडता येणारा बघा. डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ फक्त १७९ ग्रॅमचा, सोनी झेडव्ही-१ २९४ ग्रॅमचा. दोन्हींत १ इंची सेन्सर. चांगलेच आहेत. पण तेवढ्या पैशात छोट्या दुकानाचा माल भरतो.

मोठ्या व्हिडिओंवर यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉचटाइम लागतो. तोवर हप्ता कोण भरणार?

आधी मोबाईलवर ३० व्हिडिओ टाका. त्यातून ऑर्डरी आल्या, की त्याच पैशातून बिनधास्त कॅमेरा घ्या.