अम्मीची खिदमत आणि सुनेचं जागरण

देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. आपण मात्र अजून 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतो. अम्मी रात्री दोनला उठून माहेरी जायला निघतात, तेव्हा दार अडवायला उभी असते ती बहुतेक सूनच. मोठ्या शहरांत डे-केअर आहेत, घरच्यांसाठी मदतगट आहेत. पण डे-केअर दिवसाचं, रात्र घरचीच. वर 'सासूला बाहेर ठेवते' हा टोमणा. त्यामुळे मदत घेतली जाते ती फार उशिरा, सून स्वतः आजारी पडल्यावर. आम्हाला विचाराल तर खिदमत सगळ्या मुलांची आहे. रात्रीच्या पाळ्या त्यांनीही लावून घ्याव्यात. आणि टेलिमानसचा 14416 हा सरकारी मोफत नंबर सुनेने स्वतःसाठीही लावावा, मराठीत बोलता येतं.