नरक्याची तोड आणि लागवड

सह्याद्रीच्या दाट रानात वाढणारा नरक्या हा लहानसा वृक्ष होय. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते. नावही त्यावरूनच पडले असावे. १९६६ साली अमेरिकेत वॉल व वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. तेच द्रव्य नरक्यातही असल्याचे १९७२ साली गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी दाखविले, आणि पुढे या झाडावर कुऱ्हाड आली.

हे द्रव्य कर्कपेशींचे विभाजन रोखते. परंतु मूळ स्वरूपात ते फार विषारी ठरले. त्यात फेरफार करून सिद्ध केलेली औषधेच १९९६ पासून अंडाशयाच्या व आतड्याच्या कर्करोगावर दिली जाऊ लागली. तेव्हा नरक्याच्या काढ्याने रोग बरा होईल ही समजूत घातक आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ती वेळीच दूर करावी.

दलाल मात्र काढ्यासाठी येत नाही. तो लाकूड वजनावर नेतो. तोडणाऱ्याच्या हाती चार पैसे पडतात, आणि पकडला जातो तोही तोच. त्यापेक्षा कास्तकाराने आपल्याच डोंगरउतारावर नरक्या लावणे इष्ट. पिकून काळसर जांभळ्या झालेल्या फळांच्या बियांपासून रोपे होतात. बुंधा राखून छाटणी केल्यास त्यास पुन्हा धुमारे फुटतात. लागवडीची नोंद वनखात्याकडे आधीच करून ठेवावी.