छायाचित्रांतील काळे पट्टे

स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें घरीं पाहतांना पालक हळहळतात; रंगमंचावरील मुलाच्या मुखावरूनच काळा पट्टा गेलेला! मग सारा दोष मोबाइलच्या माथीं मारून नवा, महागडा घेण्याचा बेत ठरतो. हा खर्च आम्हांस व्यर्थ वाटतो.

आपल्याकडील विद्युत्प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो. त्यामुळें पुष्कळसे दिवे सेकंदांत १०० वेळां मंद व प्रखर होतात. डोळ्यांस तें जाणवत नाहीं. परंतु मोबाइल चित्र एकदम न टिपतां ओळीमागून ओळ टिपतो, आणि प्रखर उजेडांत प्रकाशग्रहणाचा अवधि आपण होऊन फार तोकडा करतो. मंद क्षणीं टिपलेल्या ओळी साहजिकच काळ्या उतरतात. पुष्कळ मोबाइलांत ‘प्रो’ नांवाची सोय असते. तींत हा अवधि १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवावा, म्हणजे प्रत्येक ओळीस पुरा चढउतार सारखाच लाभतो. १/५० ला नाचणारे हात किंचित् पुसट येतील खरे; पण चिरलेल्या मुखापेक्षां पुसट हात बरा!

शाळांनींही सभागृहासाठीं दिवे घेतांना केवळ स्वस्ताई पाहूं नये. न लुकलुकणारे एल. ई. डी. दिवे बाजारांत मिळतात. ते आधीं मोबाइलनेंच पारखून घ्यावेत.