सोरायसिस, वॅक्सिंग आणि आमच्या माम्या

सोरायसिस असलेल्या बाईने हातापायांवरचे केस काढावेत का, आणि काढायचेच तर कशाने? घरात या विषयावर सगळ्यांची ठाम मतं आहेत. सोरायसिस मात्र एकटीला मला आहे. तेव्हा माझंही मत एकदा लिहून टाकते.

आमच्यासारख्यांनी वॅक्सिंगच्या वाटेला जाऊ नये, असं मला वाटतं. केस किती गुळगुळीत निघाले यापेक्षा कातडीला किती कमी इजा झाली हे आमच्यासाठी महत्त्वाचं. हाइनरिश कोब्नर नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८७० च्या दशकात एक गोष्ट नोंदवून ठेवली. सोरायसिसच्या रुग्णाला जिथे खरचटलं, जिथे गोंदलं, जिथे घोडा चावला (हो, घोडाच!), तिथे नवे चट्टे उठले. यालाच कोब्नर फिनॉमेनन म्हणतात. साधारण चौघांतल्या एकाला हा त्रास होतो, आणि आजार जोरात असताना जास्त. आता पट्टी चिकटवून खस्सकन ओढायची म्हणजे कातडीचा वरचा थरही थोडा सोलला जाणारच. एपिलेटर आणि थ्रेडिंग यांची जातकुळी तीच, फक्त जागा लहान.

गंमत म्हणजे चट्टा लगेच उठत नाही. बहुधा दहा ते वीस दिवसांनी उठतो. तोवर आपण त्याचा दोष वांग्याच्या भाजीला देऊन मोकळ्या झालेल्या असतो! पार्लरवाली म्हणते, "आमच्याकडे कुण्णाला काही झालं नाही हो." तिच्या दृष्टीने ते खरंच असतं. वीस दिवसांनी तिला हात दाखवायला कोण जाणार?

वर्षानुवर्षं स्टिरॉइडचं मलम लावून ज्यांची कातडी पातळ झाली आहे किंवा ज्यांना ॲसिट्रेटिनच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर वॅक्सिंगचं नावही काढू नये. केसांबरोबर कातडी निघते, अगदी शब्दशः.

"मग क्रीम लाव की!" ही आमच्या धाकट्या मामीची सूचना. त्या क्रीममधलं रसायन केसातलं केराटिन विरघळवतं, आणि आपल्या कातडीचा वरचा थरही केराटिनचाच असतो. धडधाकट कातडी पाच मिनिटं सोसते. चट्टा किंवा भेगाळलेली जागा सोसत नाही, आग आग होते.

मी ट्रिमर वापरते. केस मुळापासून निघत नाहीत, बारीक खुंट राहतात, आणि मला ते चालतात. कुणाला रेझरच हवा असेल तर आंघोळीच्या शेवटी कातडी मऊ झाल्यावर, नवं पातं घेऊन, बिनवासाचं शेव्हिंग जेल लावून, केसांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. चट्ट्यावरून कधीच नाही, त्याला वळसा घालायचा. मग लगेच मॉइश्चरायझर. दाढी करणाऱ्या आमच्या भाऊमंडळींनाही हेच लागू.

लेझरबद्दल मात्र माझा विरोध नाही. चट्टा असलेल्या जागेवर तो नको, पण आजार शांत असताना, त्वचारोगतज्ज्ञाकडूनच, आधी छोट्या जागेवर करून बघून, दोनतीन आठवडे थांबून मग पुढे जाता येतं. आपल्या सावळ्या रंगाला कुठला लेझर चालतो हेही त्यांनाच विचारायचं. आणि सोरायसिसच्या उपचाराला वापरतात तो एक्झायमर लेझर निराळा. त्याने केस जात नाहीत. (हा घोळ आमच्याकडे दोनदा झालाय.)

आता माम्यांनो, तुमच्यासाठी. हळदीच्या दिवशी उटण्याने घासघासून अंग चोळणं हीसुद्धा इजाच. हळद लावा, पण हलक्या हाताने. आणि "जरा हात स्वच्छ करून घे गं, फोटो यायचेत" हे वाक्य प्रेमापोटी येतं, ते मला कळतं. पण माझे हात स्वच्छच असतात. ती लव आहे, मळ नव्हे. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, तेव्हा मेंदी काढणाऱ्या मुलीला आधी बाजूला घेऊन कुजबुजायचीही गरज नाही. मीच तिला सांगते, कोपरावरचा चट्टा सोडून काढ म्हणून. ती काढते. एकीने तर चट्ट्याभोवती छान वेल काढून दिली होती.